ज्योचं लग्न कुणी लावलं?

"ज्योचं लग्न झालंच नाही," मृणाल म्हणाली, आणि तिथून जे सुरू झालं ते कट्टा रिकामा होईपर्यंत चाललं.

विषय होता ग्रेटा गर्विगचा २०१९ सालचा 'लिटल विमेन', लुइझा मे अल्कॉटच्या कादंबरीवरचा सिनेमा. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला. पण आमच्यापैकी बहुतेकांची मार्च बहिणींशी ओळख सिनेमातून झालेली नाही. ती झाली त्या कादंबरीच्या मराठी अनुवादातून, शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'मधून, शाळेच्या वयात. त्यामुळे मेग, ज्यो, बेथ, एमी या कुणा परक्या मुली आहेत असं आम्हाला कधी वाटलंच नाही. त्यांच्या लग्नांवरून आम्ही आपल्या चुलतबहिणींच्या लग्नांवरून भांडावं तसे हक्काने भांडतो.

"झालं नाही म्हणजे?" समीर म्हणाला. "छत्रीखाली प्रोफेसर भाएरला मिठी मारते ती कोण मग?"

"ती ज्योने लिहिलेल्या पुस्तकातली ज्यो," मृणाल म्हणाली. "शेवट नीट बघ ना. भाएर कॅलिफोर्नियाला निघालाय. घरचे ज्योला गाडीत घालून स्टेशनकडे पळवतात. आणि ऐन रंगात आलेलं असताना दृश्य तुटतं. आता ज्यो प्रकाशकासमोर बसलीय. तो विचारतो, नायिका शेवटी लग्न कुणाशी करते? ती म्हणते, कुणाशीच नाही. तो म्हणतो, छे, असं पुस्तक कोण घेणार! थोडी हुज्जत होते, ती शेवट बदलायला तयार होते, आणि त्यानंतरच आपल्याला पाऊस, छत्री आणि ते चुंबन दिसतं. खरी ज्यो टेबलापाशी बसून टक्केवारी ठरवतेय."

हा अर्थ मृणालच्या मनाचा नाही. गर्विगने तशी सोय करूनच ठेवली आहे. सिनेमाच्या पहिल्याच प्रसंगात हा प्रकाशक ज्योला सांगतो की नायिका मुलगी असेल तर पुस्तक संपेपर्यंत तिचं लग्न झालेलं हवं, नाहीतर ती मेलेली तरी हवी. दोन तासांनी ज्यो त्याला हवं ते देते, पण किंमत घेऊन. नायिकेला पैशासाठी लग्नात विकायचंच असेल तर त्यातला वाटा मला मिळायला हवा, अशा अर्थाचं ती बोलते. स्वामित्वहक्क विकायला नकार देते आणि ६.६ टक्के रॉयल्टीवर सौदा पक्का करते. सिनेमाचा शेवट होतो तोही नवराबायकोवर होत नाही. ज्यो काचेपलीकडे उभी आहे, आत तिचं पुस्तक छापलं जातंय, शिवलं जातंय, त्याला तांबडं कव्हर चढतंय, आणि ते पहिलं पुस्तक ती छातीशी धरते.

"आणि हे लुइझा मे अल्कॉटच्या बाबतीत खरं आहे," ओंकार म्हणाला. वकिली करत असल्यामुळे असले तपशील त्याच्याकडे असतात. "तिचे प्रकाशक बॉस्टनचे रॉबर्ट्स ब्रदर्स. तिथल्या थॉमस नाइल्सने स्वतःच तिला सल्ला दिला होता की स्वामित्वहक्क विकू नकोस. तिने तो ठेवला, आणि त्या एका निर्णयावर अख्खं कुटुंब तरलं. वडील मोठे तत्त्वचिंतक, पण घरात पैसा आणणं त्यांना कधी जमलं नाही."

"आणि लुइझाने आयुष्यभर लग्न केलं नाही," मृणालने पुढे ओढलं. "ज्योनेही करू नये हीच तिची इच्छा होती. पहिला भाग १८६८ मध्ये आला, तो मेगचं लग्न ठरतं तिथे संपतो. मग मुलींची पत्रं सुरू झाली, ज्योचं लग्न तिच्या शेजारच्या मित्राशी, लॉरीशी लावा म्हणून. लुइझाने डायरीत लिहून ठेवलं की कुणाला खूश करण्यासाठी मी हे लग्न लावणार नाही. पुढे मैत्रिणीला पत्रात सांगितलं की ज्योने खरं तर लिहिणारी अविवाहित बाई म्हणूनच राहायला हवं होतं, पण मुलींनी इतका धोशा लावला की नाही म्हणायचा धीर झाला नाही. म्हणून हट्टाने तिच्यासाठी एक चमत्कारिक जोडीदार शोधला. १८६९ च्या दुसऱ्या भागात तो प्रोफेसर आला. म्हणजे भाएर ही तडजोड आहे! गर्विगने दीडशे वर्षांनी लुइझाला तिचा शेवट परत दिला."

या युक्तिवादाला तोड नाही असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं. पण समीरच्या मनातलं दुखणं वेगळंच होतं.

"हे डोक्याला पटतं," तो म्हणाला. "पण मग लॉरी ज्योला मागणी घालतो तो टेकडीवरचा प्रसंग इतका जीव ओतून का केलाय? तुम्हाला प्रेमकथा नकोच होती, तर ज्यो झालेल्या सर्शा रोनन आणि लॉरी झालेल्या टिमथी शालामेला त्या माळावर एकमेकांसमोर उभं करून आमचं काळीज का फाडायचं? लॉरी बोलत सुटतो, ती त्याला थांबवते, तो थांबत नाही. दोघं एकमेकांना ढकलतात, वाक्यं एकमेकांच्या वाक्यांवर आदळतात. अख्ख्या सिनेमात इतकं खरं प्रेम दुसरीकडे कुठे दिसत नाही, आणि तिथेच ती नाही म्हणते."

"कारण ते प्रेम मैत्रीचं आहे," मी म्हणाले. "पुस्तकातली आईसुद्धा हेच म्हणते. तुम्ही दोघं फार सारखे आहात, दोघं तापट, दोघांना स्वातंत्र्याचं वेड, जन्मभर एकत्र सुखाने राहायचं तर हे जमायचं नाही."

"मग पुढे ती पत्र का लिहिते?"

हा समीरचा खरा मुद्दा होता, आणि तो कुणालाच उडवून लावता आला नाही. बेथ गेल्यानंतर ज्यो माळ्यावर आईपाशी मन मोकळं करते. बायकांना मन आहे, बुद्धी आहे, महत्त्वाकांक्षा आहे; बाई फक्त प्रेमासाठीच जन्मलीय हे ऐकून मी विटलेय, असं ती पोटतिडकीने म्हणते. यातला बराचसा भाग अल्कॉटच्याच 'रोझ इन ब्लूम' या दुसऱ्या कादंबरीतून उचललेला आहे. त्याला जोडलेलं शेवटचं वाक्य मात्र गर्विगचं आहे: पण मी फार एकटी आहे.

त्या एका वाक्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पाहीन. स्वातंत्र्याची बाजू मांडणारी नायिका पडद्यावर पुष्कळदा येते. स्वातंत्र्य हवंच आहे आणि एकटेपणा सोसवतही नाही, ही दोन्ही सत्यं एकाच श्वासात बोलणारी फार थोडी. सर्शा रोनन ते वाक्य म्हणते तेव्हा तिचा आवाज घशात अडकतो, आणि तोपर्यंत तिने आवेशाने जे मांडलं ते खोटं पडत नाही. उलट त्याची किंमत किती आहे ते कळतं. मग ती म्हणते की टेडीने, म्हणजे लॉरीने, पुन्हा विचारलं तर मी बहुतेक हो म्हणेन, कारण मला आता कुणीतरी प्रेम करावं असं फार वाटतं. आई उत्तर देते की ते म्हणजे प्रेम करणं नव्हे. ज्योचं हे बोलणं मूळ कादंबरीतही जवळजवळ असंच आहे. सिनेमाने पुढचं पाऊल टाकलं: ज्यो खरंच पत्र लिहिते, जंगलातल्या त्यांच्या पत्रपेटीत टाकते, आणि लॉरी एमीशी लग्न करून परतल्यावर ते गुपचूप काढून फाडून टाकते.

"बघा," समीर म्हणाला, "इतकं सगळं दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं की हा सगळा बाजाराचा मामला होता. मला फसवल्यासारखं वाटतं."

"मला नाही वाटत," मृणाल म्हणाली. "तिने एकटेपणातून चुकीच्या माणसाला हो म्हटलं नाही. ती माळ्यावर गेली आणि रात्र रात्र मेणबत्तीच्या उजेडात लिहीत बसली. पानं जमिनीवर मांडली, हात दुखला तर दुसऱ्या हाताने लिहिलं. एकटेपणाचं तिने पुस्तक केलं."

"पुस्तक केलं म्हणून एकटेपण जातं?" समीरने विचारलं. त्यावर मृणाल काही बोलली नाही.

मधल्या मध्ये ओंकारने एमीचा विषय काढला, आणि इथे आमचं विलक्षण एकमत निघालं. या सिनेमात पूर्ण विश्वासाने केलेली प्रेमकथा एकच आहे, ती एमी आणि लॉरीची. 'चौघीजणी' वाचताना एमी आम्हा सगळ्यांचीच नावडती होती. ज्योचं हस्तलिखित जाळणारी, नाकाच्या आकाराची चिंता करणारी, ज्योच्या वाट्याची युरोपवारी पटकावणारी. शेवटी लॉरीही तिलाच मिळतो, तेव्हा तर अन्यायाचा कळस झाला असं वाटायचं. एमी झालेल्या फ्लोरेन्स प्यूने हा जुना हिशेब बदलून टाकला. मी आयुष्यभर प्रत्येक बाबतीत ज्योच्या मागे दुसरी राहिलेय, ती मिळाली नाही म्हणून तू माझ्यावर समाधान मानावंस हे मला चालणार नाही, असं ती लॉरीला तोंडावर सांगते. आणि हे ती त्याच्यावर लहानपणापासून प्रेम करत असताना सांगते. नकार देणारी मानी बाई म्हणून आपण नेहमी ज्योकडे बघतो. इथे एमीचा नकार जास्त कठीण आहे, कारण तिला त्या माणसाची आस आहे.

"पण ते लग्न म्हणजे आर्थिक व्यवहार असं ती जे भाषण करते ना," ओंकार म्हणाला, "त्यात एक कायद्याची अडचण आहे. माझा पैसा असता तर लग्नाच्या क्षणी तो नवऱ्याचा झाला असता, असं ती म्हणते. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ मध्येच कायदा झाला होता. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता आणि स्वतःची कमाई ठेवता येत होती. मुलांवरचा हक्क मात्र बापाचा."

"कायद्याने हक्क दिला तरी एमीकडे मालमत्ता होती कुठे?" मृणाल म्हणाली. "ती स्वतःच तर म्हणते, माझ्याकडे पैसा नाही आणि घर चालेल इतका कमवायचा मार्गही नाही. खरं भाषण तिथे आहे."

ते बरोबर आहे. ओंकारचंही बरोबर आहे. आजच्या प्रेक्षकाला चटकन कळावं म्हणून सिनेमाने एमीच्या काळातली कोंडी जरा जास्त घट्ट आवळली. तरी तो प्रसंग मला हवासा वाटतो, कारण भाषण संपल्यावर एमी पाठ करते आणि लॉरीला ॲप्रनची बटणं काढायला सांगते. ती इतकं रोखठोक बोललेली असताना त्याचे हात थरथरतात. व्यवहाराची भाषा आणि ओढ एकाच खोलीत, एकमेकांना न मारता उभी राहतात. हे लक्षात ठेवा. पुढे मला याच गोष्टीवर यायचं आहे.

एक गोष्ट मात्र मला चुटपूट लावून गेली. कादंबरीत लॉरी आणि एमीचं जमतं ते स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी, तळ्यात होडी वल्हवताना. एक वल्हं त्याच्याकडे, एक तिच्याकडे. आपण दोघं किती छान वल्हवतो नाही, असं ती म्हणते, आणि तो म्हणतो की मग कायम एकाच होडीत राहू या. मागणी इतकी साधी. याच व्हेवेमध्ये १८६५ साली लुइझाला लाडिस्लास व्हिस्निएव्स्की नावाचा तरुण पोलिश मुलगा भेटला होता. तिच्याहून बराच लहान, आजारी, हसरा. लॉरीमध्ये त्याचा अंश आहे. आपलं जिथे काही होऊ शकलं नाही, त्या तळ्यावर तिने धाकट्या बहिणीच्या पात्राला होडीत बसवलं. आणि ज्या सख्ख्या बहिणीवरून, मेवरून, एमी रंगवली, ती खरी मे तेव्हा अविवाहित होती. पुढे १८७७ मध्ये पॅरिसच्या सलोन या चित्रप्रदर्शनात तिचं चित्र लागलं, १८७८ मध्ये तिने तिच्याहून बऱ्याच लहान स्विस तरुणाशी लग्न केलं, आणि पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतर ती गेली. तिची मुलगी लुइझाने वाढवली. हे माहीत असलं की एमीच्या सुखाकडे हेव्याने बघवत नाही.

आतापर्यंत आशाताई गप्प होत्या. त्या आमच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, आणि आम्ही भांडून दमेपर्यंत त्या सहसा तोंड उघडत नाहीत.

"तुम्ही सगळे लॉरी, एमी आणि प्रकाशक करत बसलात," त्या म्हणाल्या. "माझा प्रोफेसर कुठे गेला?"

"आहे की ताई," समीर म्हणाला. "लुई गारेल. देखणा आहे."

"तेच तर! पुस्तकातला भाएर देखणा आहे का? चाळिशीचा माणूस. अंगाने जरा स्थूल, विस्कटलेले केस, झुपकेदार दाढी, कोटाची दोन बटणं गेलेली. बर्लिनमध्ये मान असलेला विद्वान, आणि न्यूयॉर्कच्या एका खानावळीवजा घरात राहून पोरांना जर्मन शिकवतो, कारण मेलेल्या बहिणीच्या दोन मुलांना सांभाळायचंय. रात्री बसून स्वतःचे मोजे रफू करतो. ज्योला तो आवडायला लागतो तो या सगळ्यासकट. लोक त्याच्याभोवती का गोळा होतात याचा ती विचार करत बसते. श्रीमंत नाही, तरुण नाही, रूप नाही, तरी माणसं ओढली जातात. मग तिला कळतं की तो प्रत्येकाशी चांगुलपणाने वागतो म्हणून. एका लिहिणाऱ्या मुलीने एका माणसाचं निरीक्षण करता करता त्याच्या प्रेमात पडावं, ही इतकी सुंदर गोष्ट आहे, आणि सिनेमात त्याला मोजून चार-पाच प्रसंग."

"पण ताई, त्याने तिच्या कथांना नावं ठेवली," मृणाल म्हणाली. "पुस्तकात तर ती त्याच्या बोलण्यामुळे स्वतःच्या कथा चुलीत घालते. नवरा म्हणून असा माणूस?"

"घालते. आणि तो भाग मलाही टोचतो. भाएरचं बोलणं उपदेशाचं आहे. सिनेमात मात्र तो तिचं हस्तलिखित वाचून सरळ सांगतो की मला आवडलं नाही, आणि ती भडकते, भांडते. तो बदल मला आवडला. तिच्याशी लेखक म्हणून खरं बोलणारा तो पहिला माणूस आहे. पण मग पुढे काय? तो पाहुणा म्हणून एकदम दारात उभा राहतो, बेथच्या पियानोवर काहीतरी वाजवतो, आणि अख्खं घर ठरवून टाकतं की ज्यो याच्या प्रेमात आहे. का आहे? मोजे गेले, मुलं गेली, दाढीही बेताची राहिली. उरला देखणा परदेशी पाहुणा. साध्या, वयस्क, गरीब माणसावर अशी मुलगी प्रेम करेल यावर सिनेमाचा विश्वासच नाही. म्हणून आधी त्याला सुंदर केला आणि मग म्हणाले की हे सगळं खोटंच आहे."

१९९४ च्या जिलियन आर्मस्ट्राँगच्या सिनेमात गॅब्रिएल बर्न होता, तो बरा म्हणायचा का, असं ओंकारने विचारलं. आशाताईंना तो जास्त जवळचा वाटतो. त्यात छत्रीखालचं मूळ बोलणं राखलंय. माझे हात रिकामे आहेत, तो म्हणतो. ती त्यात स्वतःचे हात ठेवते आणि म्हणते, आता नाहीत. पण त्या सिनेमात ज्योची कादंबरी प्रकाशकापर्यंत पोचते ती भाएरच्या हातून. मृणालने लगेच बोट ठेवलं: पुन्हा मध्ये पुरुष. ते मान्यच करावं लागलं. गर्विगची ज्यो पानं स्वतः पाठवते आणि भाव स्वतः करते, यात या सिनेमाचं मोठेपण आहे.

"आता मला सांगा," आशाताई म्हणाल्या, "पुस्तकात भाएर परत का येतो? कुणाला आठवतंय?"

आठवत नव्हतं कुणाला. त्यांनीच सांगितलं. बेथ गेल्यानंतर ज्योने माळ्यावरच्या चार पेट्यांवर एक कविता लिहिलेली असते, चौघी बहिणींच्या चार पेट्या. ती कुठल्याशा वर्तमानपत्रात छापून येते. भाएरच्या ती हाती पडते, नावांवरून तो ओळखतो, आणि कवितेतल्या एका कडव्यावरून त्याला कळतं की ही मुलगी दुःखात आहे, एकटी आहे, तिला प्रेमाची गरज आहे. कात्रण खिशात ठेवून तो निघतो. छत्रीखाली ती विचारते, तू आलास कसा? तेव्हा तो ते कात्रण काढून दाखवतो.

समीर एकदम ताठ बसला. "म्हणजे तिचं लिखाणच त्याला घेऊन येतं?"

"तिचं लिखाणच. आणि माळ्यावरचं ते 'मी फार एकटी आहे' असतं ना, त्याचं उत्तर पुस्तकात तिथे आहे. तिने ते कागदावर उतरवलं आणि एका माणसाने ते वाचलं. सिनेमाने ते कात्रणच काढून टाकलं. म्हणून तुला फसवल्यासारखं वाटतं, समीर. प्रश्न पुरा विचारला, उत्तर अर्धंच दिलं."

मृणाल हट्टाने म्हणाली, "तरी शेवटी लग्न, शाळा, मुलं. तिचं लिहिणं सुटलंच ना."

"थांबतं. सुटत नाही," मी म्हणाले. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात ज्यो म्हणते की एक चांगलं पुस्तक लिहिण्याची आशा मी अजून सोडलेली नाही. 'ज्योज बॉइज'मध्ये, १८८६ मध्ये, ती नाव झालेली लेखिका आहे आणि दारात चाहत्यांची गर्दी तिला नकोशी होते. पण मृणालचा मुद्दा खोटा नाही. 'लिटल विमेन'च्या शेवटाला ज्योच्या हातात लेखणी नाही, मुलांची शाळा आहे, आणि ते लुइझाच्या स्वतःच्या आयुष्याहून फार वेगळं आहे. गर्विगने ती लेखणी परत दिली, त्याबद्दल मी तिची कृतज्ञ आहे.

माझी अडचण दुसरी आहे, आणि आशाताईंनी कात्रणाची आठवण काढल्यावर मला ती नीट मांडता आली. त्याच छत्रीखाली, त्याच चिखलात, ज्यो भाएरला एक अट घालते. तो गरीब आहे, भाच्यांची जबाबदारी आहे, दूर पश्चिमेला नोकरी धरून काही काळ थांबावं लागणार आहे. तेव्हा ती त्याला सांगते: माझा वाटा मी उचलणार, घर चालवायला कमावण्यात मी हातभार लावणार, हे मनाशी पक्कं कर, नाहीतर मी येणारच नाही.

नाहीतर मी येणारच नाही! १८६९ सालच्या, मुलींसाठी लिहिलेल्या कादंबरीत, होकार दिल्यानंतर पाच मिनिटांत. एकमेकांना हृदय देऊन झालंय, डोळे ओले आहेत, कपडे चिखलाने माखलेत, आणि ही मुलगी कमाईचा करार करतेय. स्वामित्वहक्क स्वतःकडे ठेवणारी लुइझा आणि भाएरला अट घालणारी ज्यो या एकाच हाडाच्या बायका आहेत. तडजोड म्हणून लावलेल्या लग्नातही लुइझाने आपली अट घुसवली.

सिनेमाने काय केलं? करार नेला प्रकाशकाच्या टेबलावर आणि प्रेम ठेवलं छत्रीखाली. तिकडे बुद्धी, इकडे पाऊस. टेबलावरची ज्यो धारदार, ठाम, हसरी. छत्रीखालची ज्यो निव्वळ प्रेमात पडलेली, कारण तिने तसंच असायचं आहे, ती विकाऊ शेवटातली ज्यो आहे. एमीच्या प्रसंगात व्यवहार आणि ओढ एकत्र नांदवता आली, हे याच दिग्दर्शिकेने दाखवून दिलंय. मग ज्योच्या वाट्याला ती दोन वेगळी दृश्यं का आली? ज्योला प्रेम हवं असेल तर तिला बुद्धी बाजूला ठेवावी लागते, किंवा बुद्धी हवी असेल तर प्रेमाला खोटं म्हणावं लागतं, असं सिनेमा नकळत सुचवतो. माळ्यावर दोन्ही एकाच श्वासात मागणाऱ्या ज्योवर तो अन्याय आहे.

"पण तू जे म्हणतेस ते पुस्तकात एका परिच्छेदात येतं," ओंकार म्हणाला. "प्रेक्षकाला प्रकाशकाचा प्रसंग जास्त लागतो. मी तो पाहिला तेव्हा थिएटरात माझ्या शेजारच्या बाई टाळ्या वाजवत होत्या."

"वाजवाव्यात की," आशाताई म्हणाल्या. "मीही वाजवीन. तो प्रसंग काढा असं कोण म्हणतंय? फक्त छत्रीखाली ती वाटा उचलण्याची दोन वाक्यं घालायला किती वेळ लागला असता?"

"ती घातली असती तर छत्रीखालची ज्यो खरी झाली असती," मृणाल हळूहळू म्हणाली, "आणि मग प्रकाशकाने जबरदस्तीने लावलेलं लग्न हा मुद्दाच ढासळला असता. गर्विगला ते परवडणारं नव्हतं. लुइझाने लग्न केलं नाही, ताई. तिला हवं होतं ते ज्योला मिळालं नाही, हे कुणीतरी एकदा पडद्यावर म्हणायलाच हवं होतं. त्यासाठी भाएर गेला तर जाऊ दे."

"लुइझाला काय हवं होतं ते तिने पत्रात सांगितलं. तिने काय लिहिलं ते पुस्तकात आहे. माझ्यासाठी दुसरं मोठं," आशाताई म्हणाल्या.

"माझ्यासाठी पहिलं."

"आणि लॉरी?" समीरने विचारलं. "लॉरीचं कुणीच काही बोलत नाही."

"लॉरीचं एमीशी भलं झालं," तिघी एकदम म्हणालो.

त्याला ते अजूनही पटलेलं नाही. टेकडीवरचा प्रसंग त्याने फोनवर काढला आणि आवाज मोठा केला. शालामेचा चेहरा पाहता पाहता मृणाल म्हणाली की बघ, इथे सुद्धा ती सारखी त्याचं बोलणं तोडतेय, आशाताईंनी चष्मा लावून फोन जवळ ओढला आणि म्हणाल्या, "आधी पूर्ण होऊ दे, मग बोल."